अल्पशा आजाराने

"नवा पूल कोसळून" हे शब्द टिपणीसांनी तिसऱ्यांदा टाइप केले आणि पडद्यावरच्या अब्रूरक्षकाने तिसऱ्यांदा ते पुसून तिथे "अल्पशा आजाराने" असे लिहिले. मोठ्या माणसांची बदनामी छपाईआधीच थांबवणारे ते यंत्र कायद्याने प्रत्येक वृत्तपत्रात बसवले होते, आणि पूल मंत्र्यांच्या भावाने बांधला होता.

समोर गवस बसले होते. मुलीच्या पहिल्या पुण्यस्मरणाची जाहिरात द्यायला ते आले होते.

"टिपणीसभाऊ, माझी कुंदा कधी साधी शिंकली नाही हो. आजार कसला?"

"नुसतं 'नदीत बुडून' लिहू का?" टिपणीसांनी ते लिहून पाहिले. तेही बदलले.

गवसांनी खिशातून वर्षापूर्वीचे कात्रण काढले. "तेव्हाही हेच छापलंत. मला वाटलं, तुमची नजरचूक असेल."

टिपणीसांनी कात्रण हातात घेतले. त्या दिवशीच्या सव्वीसही निधनवार्ता त्यांनीच तपासल्या होत्या. सव्वीसही माणसे अल्पशा आजाराने गेली होती आणि त्यांनी फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिले होते.

"राहू दे," गवस म्हणाले. "कारण गाळा. फोटो आणि नाव तेवढं द्या."

यंत्राने ते लगेच मान्य केले. गवस उठले आणि दाराशी थांबले.

"कोणी विचारलं तर मी तोंडानं सांगेन, पूल पडला म्हणून. तेवढं चालतं ना अजून?"

टिपणीसांना खात्रीने हो म्हणता येईना.