नव्या सोब्याचा पहिला घास

"अहो, अजूनही सांगून टाका ना," मिनाए कुजबुजली.

क्योहेईने बायकोकडे पाहिलंसुद्धा नाही. समोर बांबूच्या चटईवर नव्या पिकाचा सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, मांडला होता. राखाडी, दोऱ्यासारखा बारीक, अजून पाणी निथळत असलेला. खायच्या काड्या त्याने हातात घेतल्या होत्या, पण अजून सोब्याला लावल्या नव्हत्या.

दुकान जुन्या गिऱ्हाइकांनी गच्च भरलं होतं. दारावर आज दुकानाच्या नावाचा निळा पडदा नव्हता. तो क्योहेईच्या वडिलांच्या, गेनसाकूंच्या मांडीवर घडी करून ठेवलेला होता. आज क्योहेई मालक होणार होता, आणि रीत अशी: नव्या मालकाने हंगामातला पहिला घास चारचौघांसमोर, नुसता, रसात न बुडवता खायचा. मग जुन्या मालकाने पडदा त्याच्या हाती द्यायचा. गेनसाकूंनीही तो घास याच जागी बसून खाल्ला होता. ते पाहिलेलं माणूस आता एकच उरलं होतं, कोपऱ्यातले मोमोसेकाका.

"अरे, सोब्याला नजर लागेल! उचल की!" मोमोसेकाका ओरडले आणि सगळे हसले.

उन्हाळ्यात त्याने एकच तार चाखून पाहिली होती. खरं तर चव बघायचं काम बायकांचं, असा त्या घरचा शिरस्ता. आधी आजी बघायची, मग आई, आता मिनाए. पुरुषांनी सोबा करायचा आणि मागच्या खोलीत बसून भात खायचा. आपला सोबा गिऱ्हाइकाचा, आपण त्याला तोंड लावायचं नाही, असं आजोबा म्हणत, आणि गाव त्याचं कौतुक करी. क्योहेईला ते खुळचट वाटायचं. ज्याला चव ठाऊक नाही तो कसला कारागीर? म्हणून तो हळूच चाखू लागला. आधी अंगाला खाज सुटली, मग ओठ सुजले, आणि उन्हाळ्यात त्या एका तारेने त्याला शेजारच्या शहरातल्या दवाखान्यात नेऊन टाकलं. कुट्टूच्या पिठाची अ‍ॅलर्जी. "पुढच्या खेपेला घसा बंद होईल," डॉक्टर म्हणाले होते. "मग माझ्या हातात काही राहणार नाही."

तशी वेळ आली तर टोचायला त्यांनी दिलेलं इंजेक्शन आता मिनाएच्या अ‍ॅप्रनच्या खिशात होतं. तिने खिसा मुठीत घट्ट धरला होता.

वडिलांना सांगायची त्याची छाती झाली नव्हती. तो एकुलता एक. सोबेवाल्याच्या पोराला सोबा सोसत नाही, हे ऐकून गाव पोट धरून हसलं असतं आणि म्हाताऱ्याने दुकानाला कुलूप घातलं असतं. आज सकाळी बोलायचं त्याने ठरवलं होतं. पण गेनसाकूंनी पहाटेच सगळ्यांना स्वयंपाकघराबाहेर काढलं. परात घासली, पोळपाट घासला, पीठ स्वतः मळलं. मोठं भांडं चुलीवर उकळत असताना कोपऱ्यात वेगळं छोटं पातेलं कशाला, असं मिनाएने विचारलं, तर "सूनबाई, तू बाहेरचं बघ," एवढंच उत्तर मिळालं.

क्योहेईने काड्या खाली ठेवल्या.

नाक कापलं गेलं तर जाऊ दे, त्याने मनाशी म्हटलं. मिनाएला विधवा करून मालक व्हायचं नाही.

"बाबा, मला काहीतरी सांगायचंय. सगळ्यांसमोरच सांगतो."

"आधी खा," गेनसाकू म्हणाले. "मग बोल."

"पण बाबा, मला हा..."

"खा म्हणतो ना!"

असा आवाज त्याने वडिलांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. क्षणभर त्याला या माणसाचा मनापासून द्वेष वाटला. पोरापेक्षा फडक्याचा तुकडा मोठा! रागाच्या भरात त्याने काड्या उचलल्या, चार तारा धरल्या, तोंडाजवळ आणल्या.

आणि थांबला.

कुट्टूचा तो मातकट वास, जो हल्ली नुसता जवळ आला तरी त्याचा घसा आवळायचा, तो या तारांना नव्हता. जरासा भाजलेल्या तिळाचा वास होता. त्याने मान वर केली. गेनसाकू त्याच्याकडे पाहत होते. म्हाताऱ्याचा चेहरा दगडासारखा होता, पण मांडीवरचा पडदा त्याने चुरगाळून टाकला होता.

क्योहेईने डोळे मिटले आणि सुर्रकन घास ओढला. गहू. साधा, चिवट, बिनधोक गहू.

"शाब्बास!" मोमोसेकाकांनी टाळी वाजवली. "याच्या बापानेही अस्सेच डोळे मिटले होते!"

पडदा दारावर चढला. लोकांपुढे मोठ्या भांड्यातला सोबा जाऊ लागला. मिनाए भिंतीला टेकून उभ्याउभ्याच रडली, आणि आनंदाने रडतेय बिचारी, असं सगळ्यांना वाटलं.

क्योहेई आत गेला. गेनसाकू पाठमोरे उभे राहून छोटं पातेलं घासत होते.

"तुम्हाला कधी कळलं?"

"उन्हाळ्यात. लग्नाला जातो म्हणून गेलात आणि तू सुजलेलं तोंड घेऊन परत आलास."

"मग सांगायचं तरी, बाबा! माझा जीव जायची वेळ आली होती."

"सकाळी सांगणार होतो. जीभच उचलली नाही." त्यांनी पातेलं उजेडाकडे धरून पाहिलं, पुन्हा घासायला घेतलं. "रंगासाठी काळे तीळ मात्र पुरेसे घातलेत ना मी? माझ्या वेळी तुझ्या आजोबांनी फारच कमी घातले होते. सगळं पांढरंफटक दिसत होतं."