डुकराचा नाच

आमच्या उआ हुका बेटावरच्या उत्सवात जहाजावरच्या पाहुण्यांना आम्ही नाचायला ओढलं. एक गोरा खलाशी आमचा डुकराचा नाच हुबेहूब नाचू लागला. फक्त डावा पाय फरपटत होता. सगळे खो खो हसले. आई मात्र ढोल सोडून उठली.

“कुणी शिकवलं रे तुला?”

“आमच्या आचाऱ्यानं, कोहूनं. पाय असाच टाकायचा म्हणतो.”

कोहू माझा भाऊ. माडावरून पडल्यापासून तो तसाच चालायचा.

“आहे कुठं तो?”

“जहाजावरच. न सांगता पळालो, आता कुठल्या तोंडानं उतरू, म्हणतो.”

तेवढ्यात जहाजाचा भोंगा वाजला. आई किनाऱ्याकडे धावत सुटली.

“त्याला लाज वाटते तर वाटू दे,” होडी पाण्यात लोटत ती म्हणाली, “मला कुठं वाटतेय?”