ताईच्या मापाची पट्टी

‘येथे वाद्य वाजवू नये’ अशी पाटी लावलेल्या खोलीत दोघी बहिणी एकाच बाकावर, मध्ये हातभर जागा सोडून बसल्या होत्या. पलीकडच्या हॉलमध्ये एका व्हायोलिनवाल्याची परीक्षा चालू होती. त्याच्यानंतर सॅक्सोफोन. वाद्यवृंदात सॅक्सोफोनची जागा एकच होती आणि पहिल्या चाळणीत बाकीचे सगळे गळून या दोघीच उरल्या होत्या. ज्यांचं जन्मात कधी पटलं नाही, त्यांना नशिबाने बरोबर शेजारी आणून बसवलं होतं.

थोरलीच्या मांडीवर रीड्सचा डबा होता. रीड म्हणजे बोरूची बोटभर पट्टी. ती वाद्याच्या तोंडाशी घट्ट बसवतात. ती थरथरली तर सूर, नाहीतर नुसतंच पितळ. थोरली एकेक पट्टी खिडकीच्या उजेडात धरत होती. जिच्या रेषा सरळ आणि दाट ती ठेवायची, जिच्यात डाग किंवा गाठ ती फेकायची. दहातल्या दोन पास झाल्या.

एक तिने स्वतःसाठी घेतली आणि ब्लेडने, मग पॉलिश पेपरने, टोक पार कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ होईपर्यंत घासली. तिचे वरचे दोन दात हिवाळ्यापासून हलत होते. जाड पट्टी दाबून धरायची ताकद तोंडात उरली नव्हती. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. दातांचं परीक्षा घेणाऱ्या मास्तरांच्या कानावर गेलं की जागा गेली, आणि धाकटीला कळणं म्हणजे मास्तरांना कळणंच.

दुसरी पट्टी धाकटीची. तिच्यावर थोरलीने पेपरचे दोन हलके हात मारले, अंगठ्याने टोक वाकवून पाहिलं आणि ठेवून दिली. ब्लेडचा एक हात पडला असता तर धाकटीचा निकाल तिथेच लागला असता. ते मनात आलं नाही असं नाही. पण चांगली पट्टी नासवायला तिचा हात धजला नाही. बहिणीवर तिची एवढी माया नव्हती, पट्टीवर होती.

धाकटी सगळं बघत होती.

“माझ्या पट्टीवर दोनच हात मारलेस.”

“तुला तेवढेच लागतात.”

“स्वतःची मात्र दहा मिनिटं घासत होतीस. मी आंधळी नाहीये, ताई.”

प्रत्येकीचं तोंड वेगळं, पट्टीही वेगळी, असं थोरली म्हणाली. धाकटी हसली. मग तिने जुनी यादी काढली. आपल्याला मिळालेला पोचे पडलेला सॅक्सोफोन, मागच्या कार्यक्रमात ऐनवेळी काढून घेतलेला एकटीने वाजवायचा तुकडा, सगळं. शेवटी तिने बरोबर वर्मावर बोट ठेवलं. वाजवायला शिकवलंस, पट्टी घासायला मात्र मुद्दाम शिकवलं नाहीस, म्हणाली. हे खरं होतं. पट्टीसाठी तरी धाकटीला आपल्या दारात यावं लागतं, याचं तिला बरंच सुख होतं.

“माझी चांगली झालीये ना?” धाकटी म्हणाली. “मग तूच वाजव ती. तुझी मला दे.”

नाही म्हणावं तर संशय पक्का होणार. कारण सांगावं तर दात. थोरलीने तिसरंच सांगितलं.

“तुझ्या कामाची नाही ती.”

याहून वाईट काही सुचलं नसतं. धाकटीने तळहात पुढे केला. थोरलीने पट्टी त्यावर जवळजवळ आपटली. पाटीमुळे फुंकून बघायची सोय नव्हतीच.

धाकटीला आधी बोलावलं. दारातून खालचे सूर चांगले ऐकू आले. वर चढल्यावर तिने सवयीने दाब दिला आणि पातळ पट्टी चिकटून बसली. आवाज मध्येच बंद. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथेच बंद. थोरलीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला.

धाकटी बाहेर आली ती लालबुंद होऊन.

“मी बदलून मागणार, हे धरूनच चालली होतीस तू.”

शिपायाने थोरलीला हाक मारली. ती उठली आणि हात पुढे करून म्हणाली, “माझी पट्टी दे इकडे.”

“का? तूच तर नासवलीस ना?” धाकटीने वाद्यावरची पट्टी सोडवून मुठीत धरली.

शिपायाने पुन्हा हाक मारली. धाकटीची जाड पट्टीच वाद्याला लावून थोरली गेली.

आतून सूर आला नाही. नुसती हवा आली. थांबून पुन्हा हवा. पाणी हवं का, असं मास्तरांनी विचारल्याचं ऐकू आलं. मग पुन्हा हवाच.

धाकटीने मूठ उघडली. पट्टीचं टोक तिने जिभेने दाबून पाहिलं. ते लगेच वाकलं. ही पट्टी दातात जोर नसलेल्या माणसाची होती. अख्खं सफरचंद कचाकचा खाणारी ताई गेले कित्येक महिने त्याच्या पातळ फोडी करून खात होती, आणि नखरे म्हणून धाकटी तिला हसत होती.

पट्टी वाळली की टोक वाकडं होतं, कामातून जाते. धाकटीने ती तोंडात धरली, ओली ठेवली.

शिपाई दारातून डोकावला. “बाईंचं काही बाहेर राहिलंय का?”

पट्टी तोंडातच ठेवून धाकटीने नाही म्हणून मान हलवली.