दोन केशरी केस

"घरात मांजर आहे का?" गोचिडांच्या औषधाची ट्यूब हातात धरूनच दुकानदार काकांनी विचारलं.

"अहो, कुत्र्यासाठी हवंय!" सुमेधा वैतागली. वजन विचारलं, वय विचारलं, आता मांजर! म्हाताऱ्याला चौकशाच फार. "आमच्याकडे मांजर नाही. द्या पटकन."

काकांनी वाकून तिच्या पायाशी बसलेल्या काळ्याकुळकुळीत बंड्याच्या मानेवरून हात फिरवला आणि दोन केशरी केस चिमटीत धरून तिच्यापुढे केले.

"शेजारचा बोका येतो झोपायला याच्या कुशीत," ती ओशाळली.

"मग ही नको. कुत्र्याला चालते, पण मांजरासाठी विषच." काकांनी दुसरी ट्यूब काढून दिली. "ही मानेवर लावा."

दोघं घरी पोचताच बोका बंड्याला बिलगला आणि त्याची मान चाटू लागला, औषध लावायच्या नेमक्या जागी. सुमेधाने मनोमन त्या चौकस म्हाताऱ्याचे पाय धरले.