पार उतरलेली

"काका, अंगठा काढा बघू त्याच्यावरून."

दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा कुठे म्हाताऱ्याने फोनच्या कडेचं बटण सोडलं. पस्तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. बंद पडलेलं काही समोर दिसलं की त्याला चैन पडायचं नाही. सकाळपासून त्याने ते बटण इतक्या वेळा दाबलं होतं की अंगठ्यावर वळ उठला होता.

फोन त्याचा नव्हता, मुलीचा होता. आठ दिवसांपूर्वी ती एक बॅग घेऊन सासरहून आली, भिंतीकडे तोंड करून झोपली, ती झोपलीच. फोनही त्याच दिवशी बंद पडला. काय झालं, कुणी काय बोललं, कुणी हात उगारला की काय, तिच्या तोंडातून चकार शब्द नाही. आई तासातासाला दाराशी जाऊन विचारून थकली. शेवटी बापाला वाटलं, पोरगी बोलत नाही तर निदान फोन तरी बोलेल. तिच्या उशाखालून काढून आणला होता त्याने तो, न विचारता. लाज वाटत होती, पण करतो काय, जीव थाऱ्यावर नव्हता.

बाईंनी फोनचं पाठीमागचं झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ आत पाहिलं.

"भिजलेला नाही," त्या म्हणाल्या. "पडलेलाही नाही."

"कुणी आपटलाबिपटला असेल?"

"छे. साधा ओरखडा नाही कुठे."

म्हाताऱ्याने एवढा मोठा सुस्कारा सोडला की बाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"मग झालंय तरी काय?"

"झालेलं काही नाही. वापर भरपूर आणि चार्जिंग नाही. बॅटरी पार उतरलीय."

"मग तसं दाखवायला नको का? आमच्या गाडीला लाल दिवा लागायचा."

"दिवा लागायलाही थोडी शिल्लक लागते ना, काका. ही इतकी रिकामी झालीय की रिकामी झाले म्हणून सांगायचंही त्राण नाही तिच्यात." बाईंनी फोन चार्जिंगला लावला आणि काउंटरच्या कोपऱ्यात सरकवला. "आता अर्धा तास जाईल, तास जाईल. वर काहीएक दिसणार नाही. आणि मध्येच बटण दाबायचं नाही हं. दाबलं की ती बिचारी उठायची धडपड करते, आणि जमलेलं थोडंथोडकं त्यातच संपतं."

म्हातारा ओशाळला. हे त्याला कुणी सांगायचं? सेल्फ मारून मारून गाडीची बॅटरी उतरवणाऱ्या क्लीनरांना त्याने जन्मभर शिव्या हासडल्या होत्या. बाईंनी पुढे केलेल्या स्टुलावर तो बसला.

तेवढ्यात खिशातला त्याचा स्वतःचा फोन वाजला. बायको होती.

"अहो, मी परत विचारून आले. नुसते डोळे मिटून घेतले तिने. मी काय म्हणते, तिच्या मावशीलाच बोलावून घेते. ती खोदून खोदून काढेल."

"नको."

"मग जावयांना फोन लावू?"

"तोही नको. आता कुणी तिला काही विचारायचं नाही."

"अहो, पण काय झालं ते कळायला नको का?"

"कळेल. पार रिकामी झालीय गं ती." त्याने कोपऱ्यातल्या फोनकडे पाहिलं. "जेवण खोलीत नेऊन ठेव, अंगावर पांघरूण घाल आणि दार ओढून घे. सारखं सारखं हलवू नकोस तिला."

पलीकडे बायको रडत होती. "आठ दिवस झाले हो. मला नाही बघवत."

"मला तरी कुठे बघवतंय," तो म्हणाला. "पण थांबू या."

फोन ठेवून त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. बाई दुसऱ्या एका फोनचे स्क्रू काढत होत्या. ऐकू तर सगळंच आलं असणार, दुकान ते केवढंसं. कोपऱ्यातल्या काळ्या पडद्यावर अजून काही उमटलं नव्हतं. हात पुन्हा तिकडे वळवळू लागले, तसे त्याने दोन्ही तळवे मांडीखाली दाबून धरले.

"येतात परत," बाई खाली बघतच म्हणाल्या. "वेळ लागतो, पण येतात."

"सगळ्याच?"

बाईंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"मी सासरहून घरी आले होते ना काका, तेव्हा माझ्या आईने मला दीड महिना एक शब्द विचारला नव्हता."

आणि त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.