छातीवरचा पट्टा

“हात दाखवा, मामा.”

रामकिसननी डावा हात पुढे केला. मीनाने सासऱ्यांचं मनगट उजेडात धरलं. घड्याळ काढून पाहिलं, पुन्हा बांधलं. पट्टा ढिला नव्हता. कातडीवर दाट केस नव्हते, गोंदण नव्हतं, जखमेचा वण नव्हता. घड्याळाचा हिरवा उजेड कातडीतून आत जाऊन नाडी मोजतो. त्याच्या आड येईल असं तिथे काहीच नव्हतं. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईला एवढं कळत होतं.

तरीही रोज, नळाला पाणी यायच्या वेळी, घड्याळ मुकं व्हायचं. संध्याकाळी दिवसभराची रेघ तिच्या मोबाईलवर उतरायची आणि नेमकी तिथे तुटलेली असायची. त्यानंतर पुन्हा सरळ, शहाण्यासारखी चालायची.

“त्या वेळी काढून ठेवता ना?”

“कुठं ठिवतो? घरातच तर असतो मी.”

मीनाला ते पटलं नाही. दिवाळीनंतर मामांच्या हृदयात स्टेंट टाकली होती. जड काम केलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण मोसंबीची बाग हाकेच्या अंतरावर होती, आणि परवाच मामांच्या चपलांना ओला चिखल दिसला होता. घड्याळ उतरवून हा माणूस बागेत कुदळ मारतो, याबद्दल तिच्या मनात आता शंका उरली नव्हती. नवरा, सुमित, पुण्याला नोकरीवर होता. वडिलांना काही झालं तर तो आधी तिलाच विचारणार होता.

“मला काही झालं न्हाई, पोरी.”

“तोंडाने सांगू नका. आकडा दाखवा. आकडा असला की डॉक्टरांपुढे ठेवता येतो.”

मामांची नजर दाराकडे गेली. दारात सासूबाई, गिरिजाबाई, गोंदलेला हात चौकटीवर टेकवून उभ्या होत्या.

“आत्याबाई, चहा घ्यायला या ना.”

“येते. जरा दम घेऊन राह्यले.”

मीनाची नजर मामांच्या मनगटावरून हलली नाही.

तिने छातीवर बांधायचा पट्टा मागवला. “हा उजेडाने बघत नाही,” तिने समजावलं. “हृदयाच्या ठोक्याबरोबर बारीकशी वीज निघते, ती हा पकडतो. आतली बाजू ओली करायची आणि छातीला बांधायचा. याला फसवता येत नाही.”

मामांनी पट्टा उलटसुलट करून पाहिला. “कापडाखाली दिसत न्हाई ना कुनाला?”

“नाही.”

“अन् हातावर काहीच बांधायचं न्हाई? बिलकुल?”

“बिलकुल नाही.”

“मंग बराबर हाय,” मामा खुशीत म्हणाले.

पकडला जाणारा माणूस खूश का होतो, हे तिला कळेना. तिचा संशय आणखी वाढला.

रविवारी ती मोबाईल घेऊन मागच्या खोलीत बसली. ब्याऐंशी. शहाऐंशी. बाहेर नळाला पाणी आल्याचा आवाज झाला. आकडा चढू लागला. एकशे दहा. एकशे एकोणतीस. मग एकशे चोपन्न.

ती अनवाणीच मागच्या दाराने बागेकडे धावली. कुंपणापाशी आकडा गेला आणि स्क्रीन कोरी झाली. ती थबकली. हा पट्टा मोबाईलपासून पंधरा-वीस पावलं लांब गेला की संपर्क तोडतो. म्हणजे बागेत कोणी नव्हतं. पट्टा घरातच होता.

ती परत फिरली. ओट्यावर मामा शेंगा फोडत बसले होते. सदऱ्याची वरची बटणं उघडी, छाती मोकळी, श्वास संथ. मोबाईलवर आकडा परतला. एकशे एक्कावन्न.

“मामा, पट्टा कुठंय?”

मामांनी नुसती हनुवटी वळवली. अंगणात गिरिजाबाई भरलेली कळशी कमरेवर घेऊन भिंतीला टेकल्या होत्या. ओठ निळसर दिसत होते.

“काही न्हाई गं,” त्या हसल्या. “जरा दम घेऊन राह्यले.”

मीनाने धावत जाऊन कळशी घेतली. त्यांना ओट्यावर बसवलं. जरा वेळाने त्या पाणी प्यायला आत गेल्या तेव्हा मामा हळूच बोलले.

“पाठदुखीचा पट्टा म्हनून बांधला तिला. आधी घड्याळच बांधून पाह्यलं रोज. नळावर तिच्यासंगं उभा राहून पाह्यलं. पन तिच्या गोंदणावर ते आंधळं व्हतं. दवाखान्यात चल म्हनलं की म्हनती, घरात एक पेशंट बस झाला.”

त्यांनी धोतरावरची टरफलं झटकली आणि मोबाईलकडे बोट केलं.

“आता आकडा हाय. दाखव डॉक्टरला.”