काकाजीचा क्लॅरिनेट

"काकाजीचा क्लॅरिनेट टाकला. पाच वाजता अल्बम पाठवून राहिलो."

एसटी मूर्तिजापूरच्या पुढे आली तरी दामिनी शुभंकरचा तोच मेसेज वाचत होती. वाचून वाचून तिचं डोकं भणभणलं होतं. टाकला म्हणे! लोक बायको टाकतात, तसा या माणसानं तिच्या बापाचा क्लॅरिनेट टाकला होता, आणि वर फोन बंद करून बसला होता.

'सरकी' हा त्या दोघांचा बँड. अमरावतीच्या दामिनीचा सॅक्सोफोन, अकोल्याच्या शुभंकरचा लॅपटॉप. जॅझ आणि इलेक्ट्रॉनिकची अशी काही मिसळ, की पुण्यामुंबईची पोरं नाचायची. 'पराटी', म्हणजे कपाशीचं झाड, हा त्यांचा नवा अल्बम. त्यातल्या शेवटच्या गाण्यासाठी उत्तमरावांनी, म्हणजे तिच्या बाबांनी, क्लॅरिनेट वाजवला होता.

वलगावच्या बँडपार्टीत बाबांनी चाळीस वर्षं वरातीपुढे वाजवलं, पण रेकॉर्ड कुणी केलं नाही. हे पहिलंच रेकॉर्डिंग, आणि शेवटचंही. चारच दिवसांनी गळ्याचं ऑपरेशन झालं. फुंकणं संपलं, बोलणंही संपलं.

शुभंकर मात्र तेव्हापासून कुरकुरतच होता. "काकाजीचा दम तुटते ना. मशीनच्या ठेक्यावर बसूनच नाही राहिलं ते."

वकिलाचा पोरगा! सगळं कसं तासून-घासून पाहिजे. अरे, दम तुटणारच की! वरातीपुढे चालता चालता वाजवणाऱ्या माणसाचा श्वास होता तो.

अकोल्याला उतरली तेव्हा साडेचार झाले होते. रिक्षा करून तिनं त्याचं घर गाठलं आणि चपला न काढताच माडीवर चढली.

"काहून टाकला बे?"

शुभंकरनं कानावरचे हेडफोन काढले. "अरे, तू कशी काय आली?"

"काहून टाकला, विचारून राहिली मी!"

"चांगलं वाटलं म्हणून टाकला. आता गाणं गाण्यासारखं वाटते."

दामिनीच्या अंगाची लाहीलाही झाली. "माह्या बापाचा श्वास हाय तो! मले न विचारता तू ठरवणार?"

"विचारायले पाहिजे होतं," तो वरमला. "पण मले वाटलं, तुले चालन."

"चालन? लाज वाटते का काही?"

"चार दिवस घालवले मी त्याच्यात, दामिनी. एकदा ऐकून त घे."

"मले ऐकायचंच नाही! केलं ते माघारी घे. आत्ताच्या आत्ता, माह्यासमोर. नाही त माहा सॅक्सोफोनही काढ अन् बँड तुहा तूच चालव."

आता शुभंकरचाही चेहरा लाल झाला. एवढं राबून वर शिव्या! "पहिलेसारखं करू मंग? पक्कं? पाचनंतर अल्बमवाली कंपनी काही बदलू देत नाही."

"पक्कं म्हणजे पक्कं. कर पहिलेसारखं."

त्यानं दातओठ खात गाणं उघडलं, खटाखट काहीतरी दाबलं आणि पाचच्या ठोक्याला अल्बम रवाना केला.

"घे. झालं तुह्या मनासारखं."

दामिनी मटकन खुर्चीत बसली. तिचा जीव भांड्यात पडला होता. बरं झालं आले, नाहीतर या मेल्यानं बाबांचं नावच पुसलं असतं! तिनं घरी फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"बाबा, भांडून घेतलं मी! तुमचा क्लॅरिनेट हाय बरं गाण्यात. साऱ्या दुनियेले ऐकू जाईन आता."

ऐकू आलं की उत्तमराव फोनवर बोट वाजवत. टकटक झाली. पुन्हा झाली. मग ती थांबेचना. दामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

शुभंकरच्या तोंडचा रंग उडाला होता.

"दामिनी," तो म्हणाला, "पहिले त तो नव्हताच. मी गाण्यात टाकलेला क्लॅरिनेट आत्ता तूच त काढायले लावला."